सुगी आटोपली, आता कोणती कादंबरी वाचाल?

खरिपाची मळणी झाली, ज्वारी-हरभऱ्याची पेर उरकली, गहू उगवून वर आला. रात्री मोठ्या झाल्या. लाईटची पाळी रात्रीची असली, की मोटार सुरू करून शेकोटीपाशी बसण्यावाचून दुसरे काम नसते. अशा दिवसांत गावोगावचे वाचक मला हमखास विचारतात, "साहेब, बी-बियाण्याचे राहू द्या, वाचायला काही नवे सांगा की!" त्या सर्वांसाठी आजचा हा लेख.

खेड्यात कोणी वाचत नाही, असे शहरात बसून कोणी म्हणत असेल तर ते खरे मानू नका. 'ययाति', 'स्वामी', 'मृत्युंजय' आणि 'श्रीमान योगी' यांची पाने वाचून वाचून सुटी झाली आहेत, अशी शेतकऱ्यांची घरे मी पाहिली आहेत. बाबा कदमांच्या कादंबऱ्या तर एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहिल्या. तक्रार आहे ती वेगळीच. जुने वाचून झाले, आणि नव्यातले काय घ्यावे ते सांगणारा कोणी भेटत नाही.

तर वाचक बंधू-भगिनींनो, पहिली आनंदाची गोष्ट ही, की गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठीत ज्या चांगल्या कादंबऱ्या निघाल्या, त्यांतल्या पुष्कळ तुमच्याच घरांतून निघाल्या आहेत. लिहिणारे शेतकऱ्यांचे, मजुरांचे, शिंप्यांचे मुलगे आहेत. त्यांतली माणसे तुमच्या बांधाला बांध लागून राहणारी आहेत. राजेरजवाड्यांच्या कथा आपण पुष्कळ वाचल्या. आता आपल्या घरची कथाही वाचून पाहू.

शेतीखात्याच्या माणसाला कादंबरीचे काय?

असे तुम्ही विचाराल, आणि विचारणे रास्तच आहे. आम्ही गावात येतो तेव्हा पत्रक भरून नेतो. क्षेत्र किती, पीक कोणते, एकरी उतारा किती, कर्ज किती, सगळ्याला रकाना असतो. पण त्या कर्जाबद्दल बाप आणि मुलगा किती महिन्यांत एका शब्दाने बोललेले नाहीत, याला रकाना नसतो. शिकलेल्या मुलाचे लग्न जमत नाही म्हणून त्याची आई देवळात जाऊन काय मागते, याला रकाना नसतो. सून माहेराहून परत का येत नाही, याला तर नाहीच नाही.

नापिकीने आणि देण्याने खचलेली घरे मी पाहिली आहेत. अशा घरात पैशाची अडचण असतेच; पण तिच्या जोडीने एक मुकेपणाही येऊन बसतो. घरातला कर्ता माणूस बोलत नाही आणि बाकीचे विचारायला धजत नाहीत. कादंबरी वाचून कर्ज फिटत नाही आणि पाऊसही पडत नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. परंतु जी गोष्ट स्वतःच्या तोंडाने निघत नाही, ती पुस्तकातल्या माणसाच्या नावाने निघते. "त्या एकनाथाचे बघा ना," असे म्हणून मुलगा बापापुढे बोलू लागतो. एवढे जरी झाले तरी पुस्तकाचे पैसे वसूल झाले असे मी समजतो.

बियाणे घेताना आपण जमीन पाहतो, पाणी पाहतो आणि मग वाण ठरवतो. पुस्तकाचेही तसेच करावे. म्हणून खाली मी कोणत्या घराने काय वाचावे, या क्रमाने सांगतो.

शिकलेला मुलगा घरी बसला असेल तर: बारोमास

बुलढाणा जिल्ह्यातले लेखक सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी २००२ मध्ये आली आणि २००४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आता तिला दोन तपे होत आली. पण शेतकऱ्याच्या घरासाठी नव्या कादंबऱ्यांची यादी करायची, तर तिची सुरुवात मी इथूनच करीन.

एकनाथ हा यातला मुख्य माणूस. एम. ए., बी. एड. झालेला. शिक्षकाची नोकरी मिळावी म्हणून संस्थेला द्यायला पैसे नाहीत, म्हणून शेतीत परत आलेला. त्याची बायको अलका शहरात वाढलेली. नवरा नोकरी करील या आशेवर ती लग्न करून आली आणि शेण-मातीत अडकली. घरात म्हातारे आईबाप, धाकटा भाऊ, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एकच प्रश्न: जमीन ठेवायची की विकायची? पाऊस, बियाणे, बाजारभाव यांचा घोळ वर्षाचे बारा महिने चालतो. तोच या कादंबरीचा विषय आहे.

माझी विनंती अशी, की ही कादंबरी बापाने आणि मुलाने दोघांनीही वाचावी. आधी मुलाने वाचावी आणि मग बापाच्या हातात द्यावी. बापाला वाचायला जड जात असेल तर नातवंडाने वाचून दाखवावी. मग बसून बोलावे: एकनाथचे कुठे चुकले, बापाचे कुठे बरोबर होते, अलकाने काय करायला हवे होते. अलकाला नुसते दोष देणारे वाचक मला भेटले आहेत. त्यांना मी सांगतो, पुस्तक तुमच्या सुनेलाही वाचायला द्या आणि मग तिला विचारा.

वऱ्हाडी बोलीतले काही शब्द पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला अडतील. पहिली वीस-पंचवीस पाने नेट धरावा. पुढे कान सरावतो.

ज्यांचे हात कष्टाचे, त्यांचीच लेखणी: फेसाटी आणि उसवण

सांगली जिल्ह्यातला जत तालुका दुष्काळी म्हणून सर्वांना माहीत आहे. त्या तालुक्यातल्या निगडी गावचे नवनाथ गोरे यांनी 'फेसाटी' लिहिली. ती २०१७ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. गरिबीतल्या एका मुलाच्या शिक्षणाची ओढाताण तिच्यात आहे. भाषा अगदी तिकडच्या बोलण्यातली, सजवलेली नाही. पुरस्कार मिळाल्यावर लेखकाचे दिवस पालटले असतील, असे तुम्हांला वाटेल. पण २०२० च्या टाळेबंदीत त्यांच्यावर दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाण्याची वेळ आली. वर्तमानपत्रांतून ते तेव्हा आले होते. शिक्षण घेऊनही माणूस कुठे अडतो, हे या पुस्तकातून कळतेच, पुस्तकाबाहेरही कळले.

दुसरी 'उसवण'. तिचे लेखक देविदास सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिंपीकाम केलेले. कादंबरी २०२२ ची. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. २०२४ मध्ये तिलाही युवा पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांची दुकाने गावोगाव निघाली आणि शिवणयंत्रावर पोट भरणाऱ्या माणसाचे काय झाले, एवढाच तिचा विषय. पुस्तक आकाराने लहान आहे. फार वाचायची सवय नसलेल्याने इथून सुरुवात करावी.

तुम्ही म्हणाल, शिंप्याचे दुःख शेतकऱ्याने का वाचावे? त्याचे उत्तर सोपे आहे. तुमच्या गावातला सुतार, लोहार, चांभार आणि शिंपी यांचे काम कसे गेले ते आठवा. ज्या वाऱ्याने त्यांचे दुकान उडाले, तो वारा तुमच्या बांधावरूनच गेला आहे. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' १९७१ ची. तीही एका शिंप्याच्या घराची वाताहत सांगते, आणि सांगणारी त्याची बायको आहे. बोराडे सर २०२५ मध्ये गेले. पन्नास वर्षांच्या अंतराने मराठवाड्यातल्याच दोन लेखकांनी शिंप्याचे घर पाहिले. दोन्ही पुस्तके एकामागून एक वाचली तर गाव कसे बदलले ते स्वच्छ दिसते.

धरणाखाली ज्यांचे गाव गेले: रिंगाण

पुणे शहराच्या नळाला जे पाणी येते, ते खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून. शहरातला माणूस नळ सोडतो तेव्हा त्याच्या मनात हा विचार येत नाही, की या पाण्याखाली कोणाचा तरी वाडा, गोठा आणि देऊळ आहे. त्याआधी १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. म्हणजे हे दुखणे आपल्या भागात शंभर वर्षांचे आहे.

या दुखण्यावर विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' १९९१ मध्ये आली, आणि ती पुष्कळांनी वाचली आहे. ज्यांना ती आवडली, त्यांनी आता कोल्हापूर जिल्ह्यातले लेखक कृष्णात खोत यांची 'रिंगाण' अवश्य मिळवावी. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे गाव उठते, माणसे दुसरीकडे वसवली जातात, आणि एक म्हैस मागे राहते. तिला आणायला देवाप्पा परत त्या उजाड मुलखात जातो. पण म्हैस आता पूर्वीची राहिलेली नाही. ती रानाची झाली आहे.

ज्याने जनावर पाळले आहे, त्याला यापुढे काही सांगायला नको. म्हशीने मान कशी फिरवली, कान कसे केले, यावरून तिच्या मनातले ओळखणारी माणसे तुमच्यात आहेत. शहरातल्या वाचकाला या कादंबरीत जे शोधावे लागेल, ते तुम्हांला आपोआप दिसेल. पुनर्वसनाच्या वसाहतीत राहणाऱ्या वाचकांनी ती म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवावी. मात्र वाचताना त्यांच्या शेजारी बसावे.

पंचायतीत निवडून आलेल्या भगिनींसाठी: ब्र

भगिनींनो, ग्रामपंचायतीत स्त्रियांना आधी एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्या. सरपंचबाई खुर्चीवर बसल्या आणि कारभार पतिराजांनी केला, असे कितीतरी ठिकाणी झाले आणि अजूनही होते. पण सह्या करता करता कायदा शिकलेल्या आणि ग्रामसभेत उभे राहून हिशेब विचारणाऱ्या सरपंचबाईही तुम्हांला माहीत असतील.

कविता महाजन यांची 'ब्र' ही कादंबरी याच विषयावर आहे. पुण्याच्या राजहंस प्रकाशनाने २००५ मध्ये ती काढली. संसारातून बाहेर पडलेली प्रफुल्ला एका संस्थेत काम करू लागते आणि आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटत हिंडते. तोंडातून ब्र काढायचा नाही असे ज्यांना शिकवले, त्या बोलू लागल्या तर काय होते, ते यात आहे. लेखिका २०१८ मध्ये गेल्या. त्यांच्या पुस्तकाची गरज मात्र संपलेली नाही. बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर अर्धा तास या पुस्तकाचे वाचन करावे, असे मी सुचवीन. काही प्रसंग रोखठोक आहेत. पण जे सोसायला लागते, ते वाचायला काय भ्यायचे?

ज्यांचा मुलगा पुण्यात शिकायला आहे त्यांच्यासाठी

सदाशिव पेठेत आणि आसपास अभ्यासिका आहेत. तिथे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारी हजारो मुले-मुली दिवसभर बसलेली असतात. त्यांतली बरीचशी शेतकऱ्यांच्या घरची. घरून महिन्याला पैसे येतात, आणि वर्षामागून वर्ष जाते. फोनवर आई विचारते, "जेवलास का?" मुलगा म्हणतो, "हो." याच्यापुढे बोलणे जात नाही.

अशा आईबापांनी एक जुनी कादंबरी वाचावी: भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला'. १९६३ ची आहे. तीही पहिल्यांदा देशमुख आणि कंपनीनेच काढली. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर शिकायला पुण्यात येतो, वसतिगृहात राहतो, बापाचे पैसे खर्च करतो, नापास होतो आणि गावी परततो. गोष्ट एवढीच. पण परगावी एकट्या राहणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय चालते, ते समजायला याहून चांगले पुस्तक मला माहीत नाही. काही ठिकाणी हसू येईल, काही ठिकाणी त्याचा राग येईल. वाचून झाल्यावर मुलाला फोन करा, आणि निकालाचे विचारू नका.

ज्यांची भूक मोठी आहे

आता जे पट्टीचे वाचक आहेत, त्यांच्यासाठी आणखी तीन नावे थोडक्यात सांगतो.

रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' २०१९ ची. एका घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांची ही कथा जाडजूड आहे. सगळा हिवाळा पुरेल. भाऊबंदकी आणि वाटणी यांची मुळे किती खोल असतात, ते पाहायचे असेल तर घ्यावी.

नांदेडचे मनोज बोरगावकर यांची 'नदीष्ट', तीही २०१९ ची. गोदावरीत रोज पोहणारा माणूस आणि नदीच्या काठावर त्याला भेटणारी माणसे, असा विषय आहे. नदीकाठच्या गावांतल्या तरुणांना ती फार आवडेल.

परभणीचे आसाराम लोमटे यांची 'तसनस' अलीकडची. शेतकरी चळवळ कशी उभी राहिली आणि पुढे तिचे काय झाले, हे तिच्यात येते. १९८० मध्ये चाकणच्या कांदा आंदोलनात जे स्वतः रस्त्यावर बसले होते, त्यांनी ती वाचून आपली आठवण पडताळून पाहावी. लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. लहान कथा आवडणाऱ्यांनी तो घ्यावा.

पुस्तक मिळवायचे कसे?

पहिला मार्ग गावातल्या वाचनालयाचा. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार सार्वजनिक वाचनालयांना शासनाचे अनुदान मिळते, आणि ड वर्गाचे लहान वाचनालयही त्यात येते. अनुदानातून दरवर्षी पुस्तके घेतली जातात. ती कोणती घ्यावीत, हे वाचकांनी सांगितले नाही तर मिळतील ती घेतली जातात. तेव्हा ग्रंथपालाकडे जा, वरची नावे कागदावर लिहून द्या आणि चार वाचकांच्या सह्या घ्या. मागणीशिवाय पुरवठा होत नाही, हे तुम्हांला मी काय सांगावे!

दुसरा मार्ग पुण्याचा. डिसेंबरात मोशीला 'किसान' कृषी प्रदर्शन भरते आणि तुमच्यापैकी पुष्कळजण अवजारे पाहायला येतातच. २०२३ पासून डिसेंबरातच फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सवही भरू लागला आहे. दोन्हींच्या तारखा पाहून निघालात तर एका खेपेत दोन्ही कामे होतील. येताना मुलांनाही आणा. ठिबकचे सुटे भाग पाहताना ती कंटाळतील, पण पुस्तकांच्या मंडपात कंटाळणार नाहीत.

एरवी पुण्याला आलात तर अप्पा बळवंत चौक आहेच. स्वारगेटला एसटीतून उतरून मेट्रोने मंडईपर्यंत यावे आणि पुढे पायी जावे. तिथे शाळा-कॉलेजची पुस्तके फार असली तरी त्या भागात कथा-कादंबऱ्यांची दुकानेही आहेत. दुकानदाराला लेखकाचे आणि प्रकाशकाचे नाव सांगितले तर तो काढून देतो. सवलत विचारायला संकोच करू नका. बहुतेक ठिकाणी थोडीफार मिळते. रस्त्यावर फार स्वस्त मिळणाऱ्या प्रतीकडे मात्र नीट पाहून घ्या. छपाई पुसट, कागद पातळ आणि पाने मागे-पुढे असतील तर ती चोरून छापलेली समजावी. बोगस बियाण्यात शेतकरी बुडतो, तसा इथे लेखक बुडतो.

खर्चाचे म्हणाल तर डीएपीच्या एका गोणीच्या पैशात मध्यम आकाराच्या तीन-चार कादंबऱ्या येतात. पाच घरांनी मिळून प्रत्येकी एक घेतली आणि महिन्याने बदलली, तर पाच महिन्यांत पाच पुस्तके वाचून होतात. पुस्तकाला जाड कागदाचे वेष्टन घाला, आणि कोणाकडे गेले ते वहीत लिहून ठेवा. उसने दिलेले खुरपे आणि उसने दिलेले पुस्तक आपण होऊन परत येत नाही.

शेवटी वाचण्याविषयी एक सूचना. संध्याकाळी धारा काढून झाल्या, जेवणे झाली, की मोबाईल बाजूला ठेवून घरातल्या एकाने पाच-सहा पाने मोठ्याने वाचावीत. पूर्वी श्रावणात पोथी लागायची तेव्हा आपण असेच ऐकत होतो. ज्याला वाचता येत नाही, तोही ऐकतो. जो कधी बोलत नाही, तोही मध्येच "थांब, ते पुन्हा वाच" असे म्हणतो. असे कोणी म्हटले, की वाचणाऱ्याने खरोखरच थांबावे. ते वाक्य पुन्हा वाचावे आणि त्या माणसाला काय म्हणायचे आहे, ते ऐकून घ्यावे. पुढची पाने उद्या वाचली तरी चालतील.